थकबाकी

चोपन्न सालच्या ज्येष्ठात लोहगावला एक विमान उतरलं,
डावं इंजिन बंद,
पोटात शर्यतीचे तीन घोडे.
पेनरिज एअर चार्टर. कंपनीची विमानं दोनच,
दुसरं आधीच माल्टाजवळ बुडालेलं.
वैमानिक म्हणाला, इंजिन येतंय पुढच्या आठवड्यात.
घोडे ट्रकने रेसकोर्सवर गेले,
तो बोटीने घरी.

भाऊ हिशेबखात्यात. त्यांनी जागाभाडं लावलं,
रोजचे सव्वादोन रुपये,
आणि दर तिमाहीला पत्र:
महोदय, आपले विमान आमच्याकडे आहे.
सातव्याला उत्तर आलं, वकिलाचं.
कंपनी विसर्जित. मालमत्ता शून्य.
शून्य?
भाऊंनी खिडकीतून पाहिलं,
पंखाखाली शेळ्या रवंथ करत होत्या.

पुढे लिलावात बोहरी आळीच्या अकबरअलींनी ते घेतलं, वजनावर.
पत्रा वितळला.
दोन खुर्च्या रास्ता पेठेत, राऊतांच्या सलूनमध्ये:
कळ दाबली की अजून कर्रकन् मागे जातात,
दाढीपुरतं उड्डाण.
आमच्या वाट्याला एक पातेलं आलं.
त्यात दूध हमखास लागायचं.
विलायती आहे, आई म्हणायची, तापायचंच.

भाऊ गेल्यावर खणात कार्बन कॉप्या सापडल्या.
मोजल्या. छप्पन्न.
म्हणजे वकिलानंतरही बारा वर्षं,
विमान नव्हतं, पत्ता नव्हता,
तिकिटं मात्र पदरची.

शेवटच्या पत्रात भाड्याचा आकडा खोडलाय.
खाली, जरा तिरकं:
आपल्या तीन घोड्यांपैकी तांबडा
त्या वर्षी पहिला आला होता.
कळावे.