शेवट सांगणार नाही

ओविदियो, अखेर पाहिला तुझा तो सिनेमा.
मोन्तेविदेओच्या फिल्म क्लबात, आम्ही नऊ जण,
हीटर बंद, मांडीवर माटेचा थर्मास.

बाराव्या मिनिटाला मला खुनी कळला.
हातमोजे घालून कोण पियानो वाजवतं?
डिटेक्टिव्हला मात्र दीड तास लागला,
त्यातला निम्मा काडी पेटवण्यात.
पाऊस तर रस्त्याच्या एकाच बाजूला पडत होता.

मागच्या रांगेतले दोन म्हातारे
डोळे पुसत टाळ्या वाजवत राहिले.
मी कोटाची बटणं लावत बसले.

एकतीस वर्षं तू म्हणायचास,
"शेवट सांगणार नाही, स्वतः बघ."
गळ घातली, अबोला धरला,
लाच म्हणून दालचिनी घालून भाताची खीर केली.
इस्पितळातही विचारलं.
तू नळ्यांच्या आडून मिशीतल्या मिशीत हसलास.

आणि शेवट काय, तर मेव्हणा!
एवढंच?
हे सांभाळलंस?

बस चुकली. काठाकाठाने चालत आले,
वारा नदीवरून सरळ कानात.
वाटभर मुद्दे काढत होते तुझ्याशी भांडायला:
मेव्हणा, हातमोजे, तो अर्धा पाऊस...
सहा झाले होते, बोटांवर मोजलेले.
दार उघडलं, दिवा लावला,
आणि सातवा
विसरलेच.