कुरुल फाट्यावरचा काटा

रात्री पावणेदोनला रेवणसिद्धनं
उसाचा ट्रॅक्टर काट्यावर आणून उभा केला.
"ताई, फक्त वजन. कुठं बोलायचं नाही."
आकडे थरथरले, थांबले :
सव्वीस टन सहाशे चाळीस.
मी पावती फाडली, चाळीस रुपये घेतले.

सकाळी परत आला. हातात कारखान्याची पावती,
पंचवीस टन शंभर.
दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी,
पंख्यानं उडतील म्हणून वर तांब्या.
"वाटेत वाळला असंल," मी म्हणाले.
वाट बारा किलोमीटरची.
तो हसला नाही.

पुढच्या रात्री तिघं आले. मग अकरा.
मग कामती, बेगमपूर, रांग पार देवळापर्यंत,
ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेले,
आणि कुणीतरी शंभर पानी वहीवर लिहिलं :
वजन समीती.
वेलांटी चुकलेली. कुणी खोडली नाही.

पंधरा दिवसांनी चेअरमनचा माणूस आला.
गोड बोलला. काटा विकत घेतो म्हणाला,
नाहीतर शिक्का तपासायला लावतो.
त्याची गाडी काट्यावरच उभी होती.
मी बटण दाबलं :
एक टन नऊशे दहा, त्याच्यासकट.
"चाळीस रुपये झाले."

आता रेवणसिद्धचं पॅनेल आहे.
तराजू मागितला होता, चिन्ह मिळालं शिट्टी.
परवा बाजारात, माईकवर,
गळ्यात दोन हार, आवाज बसलेला :
"टॅक्टरमागं तीन तीन टन मारत्यात!"
टाळ्या.

दीड, रेवणसिद्ध.
दीड टन आणि वर चाळीस किलो.
कार्बन कॉपी माझ्याकडं आहे.