पोटातली खाडी

"कोन गो तू?" बाबांनी विचारलं.
पर्समध्ये रबाळ्याच्या लॅबचं ओळखपत्र होतं,
फोटोसकट.
ते काढून दाखवावं असं क्षणभर वाटून गेलं.

बेलापूरचे डॉक्टर म्हणाले, हात पुढे करा,
गाडी थांबवतात तसे.
बाबांचे पंजे फडफडले,
पाटीत उरलेल्या शेवटच्या बोईसारखे.
अमोनिया, डॉक्टर म्हणाले. यकृत थकलंय.

मला हे कळतं. आठ तास मी हेच मोजते:
परक्यांच्या बरण्यांत
कुठल्या जिवाणूने कुठलं अमिनो आम्ल फोडलं,
नायट्रोजन कुठे सांडला.
ट्रिप्टोफॅनमधून इंडोल निघतं,
दाट असलं की घाण,
पातळ केलं, अगदी पातळ, की मोगरा.
आणि सिस्टीनमधून निघतो
दिवाळ्याच्या ओहोटीतल्या चिखलाचा वास,
जो अंगाला घेऊन मी शाळेत जायचे
आणि बाकावरच्या मुली सरकून बसायच्या.

साठ वर्षं बाबांनी बोंबील, निवट्या, कोलंबी खाल्ली.
आतल्या बिनडोळ्यांच्या वस्तीने
आपला वाटा निमूट उचलला,
आई मासळी कापताना मांजरं
डोकी-शेपट्या उचलतात तसा.
मागे राहिलेलं विष यकृत गाळायचं,
रोज, न सांगता.
आता त्या जाळ्याला भोकं पडलीत.
तीच वस्ती, तेच काम.
फक्त गाळ वर चढतो, मेंदूपर्यंत,
आणि त्यात माझं नाव बुडतं.

मासे बंद करू नका, डॉक्टरांनी दोनदा बजावलं.
आईने तरी दोन दिवस नुसती पेज दिली.
औषध म्हणजे गोड पाक,
तीस मिली, दिवसातून तीनदा.
तो आतड्यात आंबतो,
अमोनिया तिथेच अडकतो, रक्तात शिरत नाही,
आणि मग संडासला पळायचं.
दोन-तीनदा व्हायला हवी, चार नको.
मी कॅलेंडरवर काड्या ओढते.
आई म्हणते, एकादशीच्या चौकटीत तरी नको गो.

चौथ्या सकाळी बाबा भिंतीपाशी उभे,
लुंगी सावरत, बोट तारखांवर.
"आज अष्टमी. भांग हाय.
पानी नाय चढायचा."
मी चहाचा कप तसाच धरून राहिले.
"आनि ह्या काड्या कसल्या, जयवंते?"

मी सांगितलं. सगळं, सविस्तर.
ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
"ह्याच्यासाटी शिकवली काय तुला?"