तोंडवळा

ब्रेइदाफ्योर्दच्या बेटावरून
स्टेइनव्होरनं सात फोटो पाठवले.
पहिल्यात नुसतं पाणी, आणि नातीचा अंगठा.
दुसऱ्यात तो आहे, पण पाठमोरा.
तिसऱ्यात त्यानं बुडी मारल्यावर उरलेलं वर्तुळ.
चौथा मी मोठा करत गेलो, करत गेलो,
शेवटी पक्षी संपला आणि चौकोन उरले.

पाचवा बरा आहे.
मे महिन्याचा ढगाआडचा उजेड, सावली न पाडणारा.
अशा उजेडात रंग खोटं बोलत नाहीत,
फारसं बोलतही नाहीत.
पाठ साध्या आयडर बदकाइतकी पांढरी नाही,
राजा आयडरइतकी काळीही नाही;
धुण्यात काळा मोजा चुकून गेला
की चादरीला येतो, तो रंग.
कपाळाला निळसर झाक. की ती मागच्या समुद्राची?
चोचीच्या मुळाशी नारिंगी फुगवटा,
राजाचा असतो त्याच्या निम्मा,
वाढता वाढता कुणी हटकल्यासारखा.
गळ्याखाली काळी रेघ. ती मात्र नक्की.

फोन केला.
"किती लांबून काढलेत?"
"कुंपणापासून तिसऱ्या खांबाएवढं."
"आवाज ऐकलात?"
"आवाज काय, इथं सगळेच नर
शेजारणीची भानगड कळल्यासारखे अऽऊ करतात."

मग तीच सांगत बसली.
आठ वर्षं एक राजा यायचा बेटावर,
ग्रीनलंडच्या बर्फाकडून, एकटा,
आणि होडीच्या मोडक्या फळीखाली घरटं करणाऱ्या
एकाच तपकिरी मादीपाशी बसायचा.
ती अंड्यांवर बसली की निघून जायचा. सगळेच जातात.
स्टेइनव्होर घरट्यातली मऊ पिसं वेचायची,
थोडी तिला ठेवून, खाली सुकं गवत सारून.
गेल्या वर्षी राजा आला नाही.
"हा त्याचाच. तोंडवळा बघ की."

मला ठाऊक आहे, या बदकांत
लेकी माहेरी परततात,
मुलगे जातात बायकोच्या गावी, सगळे घरजावई.
बापाच्या बेटावर मुलगा यायची शक्यता
मी मनातल्या मनात मांडली. तिला सांगितली नाही.
पलीकडे कुणीतरी दार लावलं, वारा थांबला.
"ऐकतोयस ना?"
"हो."

नोंदवहीत जातीला एकच रकाना, तोही अरुंद.
मी लिहिलं, संकर.
पुढे लिहिलं, बहुधा. ते पेन्सिलीनं.

सहाव्या फोटोत तो उडालाय, पंखांचा नुसता धूर.
सातव्यात पुन्हा पाणी,
आणि कोपऱ्यात, आधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं,
फळीखालून बाहेर आलेली तपकिरी मान,
तो गेला त्या दिशेला वळलेली.
किंवा कॅमेऱ्याकडे. तितकंसं स्पष्ट नाही.