तीन शिंगांची घोरपड

वीस अंश, सहा मिनिटं उत्तर,
त्र्याहत्तर अंश, शेहेचाळीस मिनिटं पूर्व.
पुढचे आकडे सांगत नाही.
एवढ्यावर आशेवाडीपर्यंत याल,
तिथून रामशेज उजव्या हाताला ठेवायचा
आणि खुरासणीच्या वावराकडेनं चढायचं.
फोन म्हणेल, पोहोचलात.
फोनचं काय, तो दहा पावलं इकडेतिकडे बोलतोच.
खरी जागा निवडुंगामागच्या कपारीत:
बिस्किटांचा पत्र्याचा डबा, वरून काळा रंग,
आत वही, शिसपेन्सिल,
आणि भद्रकालीत घासाघीस करून साठाला घेतलेला
तीन शिंगांचा हिरवा डायनासोर.
झाकणाच्या आतून निहारचं अक्षर, वय वर्षं सात:
"आत प्राणी आहे. शेपटी ओढू नये."

नियम साधा. सापडलं तर नाव लिहा.
काही न्याल, तर काही ठेवा.

दर दिवाळीनंतर मी डबा बघायला जातो.
निहार तीन वर्षं आला.
चौथ्या वर्षी गाडीतच त्यानं ऐकवलं,
बाबा, हा आपल्याकडचा नाहीच, अमेरिकेतला आहे,
आणि हा अख्खा डोंगर म्हणजे लाव्हा.
ते संपत होते तेव्हा हा वाहत होता.
लाव्हात हाडं सापडत नसतात.
मी म्हटलं, म्हणून तर आपण ठेवला.
तो हसला नाही.
पुढच्या वर्षी त्याचा क्लास होता.

यंदाही एकटाच चढलो.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये अठ्ठावीस वर्षं नोटा मोजल्या,
कपारीत हात घालतानाही मोजतो:
एक, विंचू नाही. दोन, साप नाही. तीन, डबा.
उघडला.
डायनासोर नव्हता.

वहीत पुण्याचे दोघं, बंगलोरची एक,
"मस्त जागा", "थँक्स", एक हसरा चेहरा,
आणि शेवटच्या पानावर रेघ सोडून खाली घसरलेलं:

"शेळी हुडकताना डबा गावला.
हिरवी घोरपड नेली. तिला शिंगं हायेत.
घुंगरू ठेवलं. चांगलं वाजतं.
मंजुळा गांगोडे, चौथी."

वाजवून पाहिलं.
खरंच चांगलं वाजतं. खाली झुडपात
कुणाच्या तरी शेळीनं मान वर केली.

जरा टेकावं म्हटलं तर खडक तापलेला.
साडेसहा कोटी वर्षं निवतोय म्हणतात,
तरी बसवेना.
घुंगरू डब्यात परत ठेवलं.
न्यायचं तर बदल्यात काही द्यावं लागणार
आणि खिशात गाडीची किल्ली तेवढी होती.

निहारला त्या पानाचा फोटो पाठवला.
गाडीपाशी उतरेस्तोवर उत्तर नाही.
हेल्मेट घातलं, काढलं,
फोन थरथरला:
"तिला सांग, ती फक्त पाला खाते."

परत चढलो.
पेन्सिल वरच होती.