पावती

सिव्हिल लाइन्समधल्या त्या खोलीत पंखा आहे,
पण लावता येत नाही. कागद उडतात.
मे महिना. मोडीचं देवनागरी करून द्यायचे
पानामागे सहा रुपये,
आणि पानावर घाम पडला तर बोलणी.

रुमाल एकशे बारा.
गाठ सोडवता सोडवता सुताचं पीठ झालं.
आत टाकोळीचा हिशेब :
नागपूरकरांना कोण किती देणं लागतो,
कुठल्या डोंगरातून, कुठल्या महिन्यात.
अक्षर डावीकडे कललेलं, घाईचं,
कुणीतरी पाठीमागे उभं असल्यासारखं.

सन बाराशे वीस फसली.
गढी कोहकापाल, वैनगंगेच्या पल्याड, चाळीस मजला.
मुकरर रुपये चारशे,
शिवाय मेण दोन मण, लाख एक मण,
शिवाय शिकरा एक, जिवंत.
हस्ते सुकालू वल्द मंगडू.

'जिवंत'च्या खाली रेघ आहे.
आदल्या साली मेलेला आला असणार.

म्हणजे चाळीस दिवस हा माणूस
मुठीवर पक्षी घेऊन चालला.
नदीत उतरताना हात वर धरला असेल,
सरडा, उंदीर, जे हाती लागलं
ते आधी त्याला भरवलं असेल, मग स्वतः
मोहाची फुलं चघळत पुढं.
हे मी म्हणतो. कागद म्हणतो :

शिकरा पावला.
मेण पावलं.
लाख ओली, सबब सहा शेर वजा.
रुपये पोतदारानं फरशीवर वाजवून पाहिले,
पंधरा बद्द वाजले, परत.
बाकीचं नाणं परमुलखी,
सबब बट्टा शेकडा सात.
एकूण तूट रुपये बेचाळीस.

पैकी इसमाचा चांदीचा करगोटा एक, कडं एक,
तोलून जमा एकतीस.
राहिले अकरा, त्यापोटी
इसम पागेत ठेवला, दोन महिने.

आणि पानाच्या बेचक्यात, घडी घातलेला,
चार बोटं कागद.
शिक्का अजून ओला वाटावा इतका काळा.
'कोहकापाल, चारशे भरून पावले. उजूर नाही.'
घडीची कड कोरी, करकरीत.
कुणी उलगडलीच नव्हती.

पावतीची दस्तुरी वेगळी लागत असेल, चार आणे,
आणि आता कमरेला करगोटाही नव्हता.
किंवा कारकून जेवायला गेला होता.
किंवा दोन महिने घोडे खरारून
तो एका पहाटे नुसताच निघाला,
कागदाला काही किंमत असते
हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

बाराशे एकवीस :
मागील बाकी चारशे, चालू चारशे.
बाराशे बावीस :
बाकी आठशे, चालू चारशे. ताकीदपत्र दोन.
बाराशे तेवीस :
स्वार रवाना.
बाराशे चोवीसला
कोहकापालचं पान नाही.

दुपारी टपरीवर तर्री-पोहे खाल्ले.
पोहेवाल्यानं माझी शंभराची नोट
उन्हाकडे धरून पाहिली,
मग गल्ल्यात टाकली.
हात का थरथरतो, भाऊ, म्हणाला,
ऊन लागलं का?

परत आलो. वासनिक मॅडमच्या टेबलावर
पावती ठेवली.
"हे पाठवायचं राहिलंय."
"कोणाले?"
"सुकालू. कोहकापाल."
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
कागद बघितला, मला बघितलं.
मोडी त्यांना येत नाही,
पण शिक्का कुठल्याही दप्तरात शिक्काच असतो.
"लय उशीर केला तुम्ही," म्हणाल्या,
जणू तो कारकून मीच.

मग खरंच जावक रजिस्टर ओढलं.
तारीख घातली. नंबर घातला.
पत्त्याच्या रकान्यावर पेन थांबलं
आणि थांबूनच राहिलं.

मी जागेवर जाऊन
पुढचं पान घेतलं. कलमं, बट्टे, शेर, मण.
शिकऱ्याचं पुढं काय झालं
ते संध्याकाळपर्यंत शोधलं.
त्याची नोंद एकदाच आहे. आला तेव्हाची.