पिवळा दगड

बाबांचा उजवा हात गेला त्या ऑक्टोबरात.
जीभ अर्धी राहिली,
आणि न्हाणीघरातल्या खिळ्याला
चामड्याचा पट्टा, वाळून कडक झालेला.

नर्स प्लास्टिकचं रेझर घेऊन आली
तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.
आठवडाभर फिरवलेलंच.

मग वस्तरा मी काढला.
शिंगाची मूठ, पात्यावर झोलिंगेनचा पुसट शिक्का
आणि टोकाशी टवका,
तीळभर.

साल्मच्या दरीत, खाणीला कुलूप लागलं तरी
फिर्मँ म्हातारा तळघरात दगड विकतो.
जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले, वर पिवळे, खाली निळेकाळे,
जमिनीनंच जोडलेले दोन थर,
त्यांच्यामधून सुरी घालून दाखवा.
मी सगळ्यांत मोठा उचलला, एकही डाग नसलेला.
"छान आहे," तो म्हणाला, "भिंतीत बसव."
आणि तांबडी शीर गेलेला एक वेडावाकडा तुकडा
पाण्यात बुडवून त्यानं माझ्या अंगठ्याखाली सरकवला.
"डोळे मिट. आता सांग, कुठे खुपतं?"
कुठेच नाही.
"हा घे. निम्म्या किमतीत. कुरूप आहे ना."

शिकवलं एवढंच:
पाठ आणि धार, दोन्ही दगडावर टेकलेली.
वळायचं ते पाठीवर, धारेवर कधीच नाही.
मग तो आपलं चीज कापायला बसला,
बोथट चाकूनं, मी पाहिलं.

मी बेकरीत असते. पहाटे तीनपासून पीठ मळते.
दाबणं एवढंच माझ्या हातांना ठाऊक.
दाबलं मी. टवका गेला, त्याच्यासोबत
धारही गेली, पातं लाटेसारखं झालं.
पुन्हा पहिल्यापासून.
छोट्या दगडानं मोठा घासून ताकासारखं पाणी काढायचं,
त्यात पातं फिरवायचं, जाताना आडवं, येताना आडवं,
मग एक थेंब पाणी, मग अजून एक,
ताक पातळ होत होत नुसतं पाणी उरेपर्यंत.
रात्री स्वयंपाकघरात खर्र खर्र.
नवरा म्हणाला, घरात उंदीर झालेत.

नोव्हेंबर संपता संपता आवाज बदलला.
खरखर गेली, सुळसुळ आली,
आणि एका रात्री पातं दगडाला चिकटू लागलं
ओल्या काचेवर काच चिकटावी तसं.
माझाच एक केस उपटून धारेवर सोडला.
वाकला. घसरला. दुसरा तुटला.
तिसरा पुन्हा वाकला.
फिर्मँला फोन केला. "केसाला काय विचारतेस?
गालाला विचार."

तर तो रविवार. गरम पाण्याचा टॉवेल, ब्रश, फेस.
आधी कानाजवळचं. बाबांनी डावा हात वर आणला,
हळू, वाटेत दोनदा थांबून,
आणि स्वतःच कातडी ताणून धरली.
त्यांचा हात आणि माझा,
दोघांत मिळून एक न्हावी.
पातं उतरलं. आवाज आला,
कोरडं गवत लांब कुठेतरी कापलं जावं तसा.
त्यांनी डोळे मिटले.

हनुवटीपाशी ते म्हणाले, "पाठ."
महिन्याभरातला पहिला धड शब्द.
मी चपापले. पाठ फार उचलली गेली असणार.
कोन कमी केला, पातं ओढू लागलं.
"पाठ," पुन्हा, जरा चिडून.
अजून कमी केला.
"पाठ! पाठ!"

वस्तरा मिटून बाजूला ठेवला
आणि सदऱ्यात हात घालून त्यांची पाठ खाजवली,
डाव्या खांद्याखाली, अजून खाली, हां,
तिथे.
फेस गालावर वाळत होता.
अर्धी दाढी बाकी होती.